संगणकातील दुभाषे



दादीजानला घेऊन तुम्ही कधी बँकेत किंवा तहसील कचेरीत गेला आहात का? दादीजान उर्दूत बोलते. खिडकीमागचे कारकून मराठीत विचारतात. मधे तुम्ही उभे! तिचे म्हणणे त्यांना सांगायचे आणि त्यांचे तिला. अशा मधल्या माणसाला मराठीत 'दुभाष्या' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'तर्जुमान' म्हणतो. दुभाष्या हुशार असला तर पेन्शनचा कागद दहा मिनिटांत होतो. तो नसला, तर दोन्हीकडची माणसे शहाणी असूनही काम अडून राहते.

संगणकाच्या आतही असे पुष्कळ दुभाषे असतात. कळफलकाचा एक, माउसचा एक, पडद्याचा एक, आवाजाचा एक. त्यांना 'ड्रायव्हर' असे नाव आहे. मेहकरहून बुलढाण्याला येणाऱ्या एस.टी.चा ड्रायव्हर वेगळा आणि हा वेगळा, बरे का! हा माणूस नव्हे. ही सूचनांची एक लिखित यादी आहे. छपाईयंत्राला, म्हणजे प्रिंटरला, 'कागद पुढे सरकव', 'येथे शाईचा ठिपका दे' हे ज्या खुणांनी कळते, त्या खुणा प्रत्येक कंपनीच्या निराळ्या असतात. संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याला त्या सगळ्या कशा ठाऊक असणार? तो आपला हुकूम दुभाष्याला सांगतो आणि दुभाष्या तो यंत्राच्या खुणांत उतरवतो.

या मुख्य कारभाऱ्याला 'कार्यप्रणाली' म्हणतात. तिच्या अगदी आतल्या भागाला इंग्रजीत 'कर्नल' असे नाव आहे. मराठीत कर्नल म्हटले की डोळ्यांसमोर लष्करी अधिकारी उभा राहतो, म्हणून या पाठात आपण त्याला 'गाभा' म्हणू.

सरकारी नोकर ठरलेल्या वयाला निवृत्त होतो, हे तुम्हांला माहीत आहे. दुभाषेही निवृत्त होतात. ते कधी होतात, का होतात आणि कोणाच्या हुकमाने होतात, हे आज पाहू. यात नुसती माहिती नाही. तुमच्या शाळेतील संगणक उद्या चालू होईल की नाही, हा प्रश्नही त्यात आहे.

प्रथम एका छपाईयंत्राची गोष्ट ऐका. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या प्रसिद्ध संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडकत असे. यंत्र एका मजल्यावर आणि काम करणारे दुसऱ्या मजल्यावर. तासाभराने खाली येऊन पाहावे, तर कागद केव्हाचा अडकून बसलेला! तेथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत असे. आधीच्या यंत्राच्या सूचनांत त्याने स्वतः बदल करून, कागद अडकताच सर्वांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्रातही त्याला तेच करायचे होते. पण त्यासाठी लागणारे मूळ लिखाण त्याला कोणी देईना. ज्याच्याकडे ते होते, त्याने कोणाला न देण्याचा करार केलेला होता. स्टॉलमनला हा अन्याय वाटला. वस्तू आपल्या खोलीत आहे, तिचा दोष आपल्याला कळतो, तो काढताही येतो, तरी हात बांधलेले! पुढे १९८३ मध्ये त्याने अशा कार्यप्रणालीची घोषणा केली, जिचे सर्व लिखाण कोणालाही वाचता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल. अशा लिखाणाला आज 'मुक्त' म्हणतात. म्हणजे या सगळ्या चळवळीच्या मुळाशी एक अडलेले छपाईयंत्रच होते म्हणा ना!

स्टॉलमनच्या मंडळींनी बरीच साधने तयार केली. परंतु गाभा काही पुरा झाला नव्हता. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी. त्याने जानेवारी १९९१ मध्ये एक संगणक विकत घेतला. त्यात इंटेल कंपनीची '३८६' ही चिप होती. त्या यंत्रावर त्याने स्वतःचा गाभा लिहिण्यास सुरुवात केली आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी तसे जाहीर केले. हा आपला केवळ छंद आहे, माझ्याकडच्या हार्डडिस्कच्या प्रकाराखेरीज दुसरे काही तो बहुधा कधीच चालवणार नाही, असे त्याने त्या वेळी लिहिले होते. त्याच गाभ्याला आपण 'लिनक्स' म्हणतो. तुमच्या घरी अँड्रॉइडचा मोबाइल असेल, तर त्याच्या आतही हाच गाभा आहे. जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७ पासून लिनक्सवरच चालते. ज्याला एकच हार्डडिस्क ठाऊक होती, त्या गाभ्याजवळ आज हजारो दुभाषे आहेत.

हे दुभाषे आले कोठून? काही कंपन्यांनी लिहून दिले. पुष्कळसे स्वयंसेवकांनी लिहिले. कोणाच्या घरी एखादे यंत्र होते, ते चालत नव्हते, म्हणून त्याने रात्री जागून त्याचा दुभाष्या लिहिला आणि सर्वांना देऊन टाकला. १९९४ मध्ये लिनक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात सुमारे पावणेदोन लाख ओळी होत्या. २०२५ मध्ये ही संख्या चार कोटींवर पोचली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ओळी एकट्या दुभाष्यांच्या आहेत!

आता तुम्ही विचाराल, की दुभाष्या एकदा लिहिला म्हणजे लिहिला. कागदावरची अक्षरे काही म्हातारी होत नाहीत. मग तो काढायचा कशाला? घराच्या माळ्यावर जुना पाट पडून असतो, तसा राहू द्यावा की!

प्रश्न योग्य आहे. पण माळ्यावरच्या पाटाला कोणी रोज हुकूम देत नाही. दुभाष्याला दोन भाषा याव्या लागतात, हे लक्षात घ्या. एक यंत्राची आणि दुसरी गाभ्याची. यंत्राची भाषा बदलत नाही. गाभ्याची मात्र सारखी बदलत असते. दर नऊ-दहा आठवड्यांनी लिनक्सची नवी आवृत्ती निघते. गाभ्याच्या आतील एखादी पद्धत बदलली, की त्या पद्धतीने बोलणाऱ्या प्रत्येक दुभाष्याला नवी रीत शिकवावी लागते. शंभर दुभाषे असतील तर शंभर ठिकाणी दुरुस्ती. त्यांतील दहा दुभाष्यांची यंत्रे जगात कोणाजवळच उरली नसतील, तर ती दुरुस्ती बरोबर झाली की चुकली हे पाहायचे कसे? माणूस अंदाजाने दुरुस्ती करतो आणि पुढे जातो. असा दुभाष्या वरून ठीक दिसतो, आतून केव्हा बिघडला ते कळतही नाही.

दुसरे कारण चोरांचे आहे. मळ्यातल्या घराला मागे एक जुने दार असावे, तिकडे कोणी फिरकू नये, कडी गंजून गेलेली असावी, आणि चोराने नेमके तेच शोधावे, असे होते. २०१५ मध्ये असा प्रसंग खरोखर उघडकीस आला. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक काल्पनिक संगणक चालवता येतात. ते चालवणाऱ्या 'क्यूइमू' नावाच्या मुक्त प्रणालीत फ्लॉपीचा एक काल्पनिक भाग होता. त्यात २००४ पासून एक चूक दडून बसली होती. फ्लॉपी वापरणारे जवळजवळ संपले होते. तरीही त्या चुकीतून एका काल्पनिक संगणकातून बाहेर पडून मुख्य यंत्रात शिरणे शक्य होते. अकरा वर्षे कोणी त्या दाराकडे पाहिलेच नव्हते. या चुकीला शोधणाऱ्यांनी 'व्हेनम', म्हणजे विष, असे नाव दिले.

तुमच्यापैकी कित्येकांनी फ्लॉपी पाहिलीही नसेल. ती तळहाताएवढी चौकोनी चपटी डबी असे. तिच्यात १.४४ मेगाबाइट माहिती मावत असे. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तिच्यात बहुधा मावणार नाही. लिनक्समध्ये प्रत्येक दुभाष्याला एक सांभाळणारा नेमलेला असतो. त्या सर्वांची नावे एका मोठ्या यादीत असतात. २०१९ मध्ये फ्लॉपीचा दुभाष्या सांभाळणाऱ्याने कळवले, की आपल्याजवळ आता चालू स्थितीतील फ्लॉपीयंत्रच उरलेले नाही. मग लिनसने यादीत त्या दुभाष्यापुढे 'अनाथ' असा शेरा मारला. ज्याला कोणी वाली नाही, तो अनाथ. 'वाली' हा शब्द उर्दूतही आहेच, तेव्हा अर्थ सांगायला नको. पण अनाथ ठरवले म्हणजे लगेच घराबाहेर काढले असे नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गृहस्थाने 'मी याला सांभाळतो' असे सांगितले आणि फ्लॉपीचा दुभाष्या गाभ्यात राहिला.

येथेच या व्यवहारातील मुख्य गोष्ट कळते. यंत्र किती जुने आहे, हे तेथे फारसे महत्त्वाचे नाही. त्याच्यामागे कोण उभे आहे, ते महत्त्वाचे. मोटोरोला कंपनीची ६८००० या नावाची चिप १९७९ मध्ये निघाली. तिच्या कुळातील चिपा अटारी आणि अमिगा या जुन्या घरगुती संगणकांत असत. हे कुळ लिनक्समध्ये अजून आहे, कारण काही हौशी माणसे डोळ्यांत तेल घालून त्याची देखभाल करतात. याउलट इंटेल कंपनीची 'इटॅनियम' ही चिप २००१ मध्ये बाजारात आली. महागड्या, मोठ्या संगणकांत ती बसवली जाई. कंपनीने २०२१ मध्ये तिची विक्री बंद केली. सांभाळणारे उरले नाहीत आणि २०२३ मध्ये तिचे लिखाण गाभ्यातून काढून टाकण्यात आले. वयाने बावीस वर्षांनी धाकटी चिप आधी गेली! काही जणांनी तक्रार केली, तेव्हा लिनसने उत्तर दिले, की एखाद्याने बाहेर राहून वर्षभर हे काम नीट सांभाळून दाखवले, तर पुन्हा घेण्याचा विचार करता येईल. मला हे उत्तर कठोर वाटते, पण अन्यायाचे वाटत नाही.

आणि लिनसने स्वतःच्या यंत्राचे काय केले? ज्या ३८६ चिपवर लिनक्सचा जन्म झाला, तिचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकण्यात आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये निघालेली ३.८ ही आवृत्ती त्या चिपवर चालत नव्हती. कारण समजण्यासारखे आहे. दुकानाच्या एकाच वहीत दोघे भाऊ एकदम जमा लिहू लागले तर हिशेब चुकतो. म्हणून 'आधी जुना आकडा पाहा, तो तसाच असेल तरच नवा लिही' हे काम एका दमात व्हावे लागते. पुढच्या ४८६ चिपला ते एका आज्ञेत जमते. ३८६ ला जमत नसे. एकट्या ३८६ साठी गाभ्यात ठिकठिकाणी ठिगळे लावावी लागत आणि त्या ठिगळांचा त्रास नवीन काम करणाऱ्या सर्वांना होई. इंटेल कंपनीने ती चिप बनवणे २००७ मध्येच थांबवले होते. इंगो मोलनार या जुन्या कार्यकर्त्याने ते काढण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा लिनसचे पहिले यंत्र आता चालणार नाही हे त्यानेच नमूद केले आणि लिनसने आपण काही हळवे होत नाही असे सांगून तो मान्य केला. मला वाटते, पहिली सायकल भंगारात देताना तुमच्या आमच्या मनाला यापेक्षा जास्त लागले असते! २०२५ मध्ये त्याच मोलनार यांनी ४८६ ही चिपही काढावी असा प्रस्ताव मांडला.

दुभाष्या निवृत्त झाला म्हणजे यंत्र हमखास बंद पडते, असेही नाही. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरहून पूर्वी यवतमाळला जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची आगगाडी तुम्ही ऐकून असाल. तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले होते. एप्रिल १९९४ मध्ये ते उतरवून डिझेलचे इंजिन जोडण्यात आले. रूळ तेच, डबे तसेच, ओढणारा बदलला. लिनक्समध्ये २०२१ साली तसेच घडले. जुन्या संगणकांत हार्डडिस्कला रुंद पट्टीसारखी चपटी वायर असे. त्या 'आयडीई' पद्धतीच्या हार्डडिस्कचे जुने दुभाषे ५.१४ या आवृत्तीत काढले गेले. पण त्याच हार्डडिस्कशी बोलणारे नवे दुभाषे कित्येक वर्षे आधीपासून तयार होते. काढणार असल्याची सूचनाही २०१९ मध्ये देऊन ठेवली होती. बहुतेकांना बदल झाल्याचे कळलेही नसेल. मात्र ज्याला पर्यायच नाही, असा दुभाष्या गेला की त्या भागापुरता संगणक मुका होतो. २०१२ मध्ये आय.बी.एम. कंपनीच्या 'टोकन रिंग' या जुन्या जाळ्याचे दुभाषे गेले, ते असेच.

जाणाऱ्या दुभाष्याचे लिखाण जाळून टाकतात का? मुळीच नाही. शाळेत 'दाखल-खारीज' नोंदवही असते. (हे दोन्ही शब्द तुमच्या आमच्या सामाईक मालकीचे आहेत, हे लक्षात आले का?) मुलगा दाखला घेऊन गेला की वर्गाच्या हजेरीपटातून त्याचे नाव कमी होते, पण नोंदवहीतील पान कोणी फाडत नाही. लिनक्सची अशी नोंदवही २००५ पासून 'गिट' नावाच्या साधनात ठेवलेली आहे. कोणती ओळ कोणी लिहिली, कोणी काढली आणि का काढली, हे सर्व तीत सापडते. उद्या कोणाला हवे असेल तर तो जुने पान काढून दुभाष्याला पुन्हा उभा करू शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

बंद लिखाणाच्या बाबतीत हे दारही नसते. माझ्या पाहण्यात एक स्कॅनर होता. काच साफ, दिवा चालू, मोटर फिरती. परंतु कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आल्यावर कंपनीने त्याचा दुभाष्या दिला नाही आणि चांगले यंत्र कपाटावर जाऊन बसले. पुढे कोणीतरी तोच स्कॅनर लिनक्स असलेल्या संगणकाला जोडला, तर तो कुरकुर करीत चालू झाला! कोणा अनोळखी माणसाने कधीतरी त्याचा दुभाष्या लिहून ठेवला होता. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तो निर्णय कंपनीचा आहे. तेथे 'मी सांभाळतो' म्हणून पुढे येण्याची सोयच नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, लोणार, कोणत्याही तालुक्यातील शाळा घ्या. संगणक कक्षातील यंत्रे बहुधा एकाच वयाची नसतात. काही योजनेतून आलेली, काही कोणी दान दिलेली. शहरातील कचेरीतून उतरलेला संगणक गावात येतो आणि तेथे त्याची दुसरी नोकरी सुरू होते. अशा यंत्रांना लिनक्स हा मोठाच आधार आहे. पण हा आधारही हळूहळू सरकत असतो. उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय मांडणी आहे. तिने जुन्या ३२ बिट संगणकांसाठीची नेहमीची प्रत २०१७ मध्ये बंद केली. डेबियन या दुसऱ्या मांडणीने ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या आवृत्तीत तशा संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून घेतली.

मला खटकते ते असे. एखादा दुभाष्या काढण्यापूर्वी कार्यकर्ते विचारतात, 'हे यंत्र अजून कोणी वापरते का?' काही दिवस, कधी काही महिने वाट पाहतात. उत्तर आले नाही, की वापरणारे कोणी नाही असे समजतात. प्रश्न इंग्रजीत विचारलेला असतो आणि तो कोठे विचारतात हे जाणकारांनाच ठाऊक असते. सिंदखेडराजा तालुक्यातील एखाद्या शाळेत ते यंत्र रोज सकाळी अकरा वाजता चालू होत असेल. पण त्या शाळेला प्रश्नच पोचलेला नाही. मग तिचे गप्प राहणे 'नाही' असे मोजले जाते. दादीजान खिडकीपाशी उभी असावी आणि तिच्या भाषेत कोणी विचारलेच नाही म्हणून तिला काही नको आहे असे समजावे, त्यातलाच हा प्रकार. कार्यकर्त्यांचा यात दोष आहे असे मी म्हणणार नाही. चार कोटी ओळी वाहणाऱ्या माणसांनी दारोदार जाऊन विचारावे, ही अपेक्षा करता येत नाही. परंतु उत्तर देणारा आपल्याकडे कोणी असू नये, हेही बरे नव्हे.

उत्तर देण्याइतके काम तुम्हांलाही जमेल. तुमच्या कक्षात लिनक्स असलेला संगणक असेल, तर गुरुजींना विचारून त्याचा काळा पडदा, म्हणजे टर्मिनल, उघडा. तेथे इंग्रजी अक्षरांत 'एलएसपीसीआय' असे लिहा, मधे एक मोकळी जागा सोडून आडवी रेघ काढा आणि रेघेला लागून 'के' हे लहान अक्षर टाका. संगणकात कोणकोणते भाग आहेत आणि प्रत्येकाचा दुभाष्या कोण, याची यादी पडद्यावर येईल. 'एलएसमॉड' असे लिहिले तर या क्षणी कोण कोण कामावर हजर आहे ते दिसेल. काही नावे ओळखीची वाटतील, काही अगदीच परकी. ती वहीत उतरवून घ्या. यंत्र कोणत्या कंपनीचे, कोणत्या साली आले, गाभ्याची आवृत्ती कोणती, तेही लिहा. पुढे कधी एखादा दुभाष्या काढण्याची विचारणा झाली, तर इंग्रजीच्या गुरुजींची मदत घेऊन दोनच वाक्ये कळवावी लागतील. हा भाग आमच्याकडे आहे. आम्ही तो रोज वापरतो, आणि नव्या आवृत्तीवर चालतो की नाही ते तपासून सांगायला तयार आहोत.